पाटे न उचलतां जीपगाडीस मोठे टायर

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील ज्या शेतकरी बंधूंजवळ जीपगाडी आहे, त्यांजकडून दर पावसाळ्यांत एक प्रश्न आम्हांस विचारला जातो. रानांतील वाटेवर गाडीचें पोट चिखलास टेकतें. तेव्हां पाटे उंच करण्याचा खटाटोप न करितां नुसते मोठे टायर बसवून काम भागेल काय? प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु त्यांत शेतकऱ्याचे कष्टाचे पैसे व त्याच गाडींतून घाट उतरणाऱ्या मुलामाणसांचा जीव, अशीं दोन्ही गुंतलेलीं आहेत. म्हणून त्याचा थोडक्यांत विचार करूं.

प्रथम हिशेब पाहावा. टायरच्या अंगावर २१५/७५ आर १५ असे आंकडे असतात. बोलेरो गाडीचें हें परिचित माप आहे. पहिला आंकडा म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरांत. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या शेंकडा किती टायरच्या बाजूची उंची, तो. आणि शेवटचा म्हणजे रिमचा व्यास इंचांत. या मापाच्या टायरचा एकंदर व्यास सुमारें ७०३ मिलिमीटर भरतो. त्याऐवजीं पुष्कळ लोक २३५/७५ आर १५ बसवितात. त्याचा व्यास सुमारें ७३३ मिलिमीटर. म्हणजे वाढ ३० मिलिमीटरांची. परंतु त्यांतील अर्धी वाढ चाकाच्या वरच्या बाजूस जाते, आणि गाडी उचलली जाते ती केवळ १५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम बोटभर रुंदीइतकी. मोठ्या टायरपासून वीतभर उंचीची अपेक्षा करणाऱ्यानें हा आंकडा आधीं ध्यानांत घ्यावा.

तरीही ही बोटभर उंची अगदींच टाकाऊ नाहीं. जीपचा मागील आंस अखंड असतो व त्याच्या मधोमध दांत्यांचा गोळा लोंबतो. चाकोरीच्या मधल्या वरंब्यास व दगडास तोच आधीं लागतो. पाटे उचलल्यानें सांगाडा वर जातो, परंतु गोळा जेथल्या तेथेंच राहतो. त्यास वर नेण्याचा उपाय मोठें चाक हाच. शिवाय पाटे उचलले कीं गाडीचा भार उंचावर जाऊन ती आडव्या उतारावर कलंडण्याचा धोका वाढतो. तेव्हां पाट्यांस हात न लावण्याचा आमच्या बंधूंचा विचार मुळांत चुकीचा नाहीं.

आतां दुसरी बाजू. वरील उदाहरणांत चाक शेंकडा चार टक्क्यांनीं मोठें झालें. तितक्याच प्रमाणांत चढावरील ओढ कमी होते आणि क्लचवर ताण येतो. ब्रेकची पकडही, पाय तितक्याच जोरानें दाबला असतां, त्याच प्रमाणांत उणी पडते. कांटा ६० दाखवीत असतां गाडी ६२ हून अधिक वेगानें धांवत असते. चार टक्के सोसण्याजोगे आहेत. परंतु जुन्या जीपचे ६.००-१६ मापाचे टायर काढून ७.००-१६ चे चढविले, तर वाढ याहून बरीच अधिक होते. भरल्या गाडीनें माळशेज घाट उतरतांना हा फरक पायाखालीं जाणवल्यावांचून राहत नाहीं.

सर्वांत अधिक फसगत होते ती जागेच्या बाबतींत. आमच्या स्वतःच्या गाडीचीच हकीकत सांगतों. रिकाम्या गाडीस रुंद टायर चढविले, दुकानासमोर एक फेरी मारली, सर्व ठीक वाटलें. पुढें टोमॅटोच्या क्रेटी भरून नारायणगांवच्या बाजारास निघालों, तों पहिल्याच ओढ्याच्या उतारांत पाटे दबले, टायर मडगार्डास घांसूं लागला आणि रबर जळल्याचा वास सुटला. खालीं उतरून पाहिलें, तों ब्रेकची रबरी नळी टायरपासून बोटभर अंतरावर होती! माल उशिरा पोंचला, परंतु थोडक्यांत निभावलें.

म्हणून टायर विकत घेण्यापूर्वीं एकच टायर उसना बसवून अशी परीक्षा करावी. गाडींत नेहमींइतकें ओझें भरावें. पुढील एक चाक वीतभर उंच दगडावर चढवावें, म्हणजे त्या बाजूचा पाटा दबेल. मग स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून मडगार्ड, पाटे, स्टेअरिंगचे दांडे व ब्रेकची नळी यांपासून टायर निदान दोन बोटें दूर राहतो कीं नाहीं, तें पाहावें. हीच परीक्षा चारी चाकांची करावी. मडगार्डाची कड किंचित् लागत असेल, तर ती आंत मुडपून घेतां येते. नळी किंवा दांडा लागत असेल, तर तें माप सोडूनच द्यावें. चाक बाहेर काढण्यासाठीं रिममागें चकत्या घालण्याचा उपाय कित्येक कारागीर सुचवितात; त्यानें बेअरिंगवर भार वाढतो, सबब तो आम्हांस पसंत नाहीं. चारी चाकांस जोर असणाऱ्या गाडीचे चारी टायर एकाच मापाचे असावेत. नाहींतर पुढील व मागील आंसांची ओढाताण होऊन दांते खराब होतात. टायरवर छापलेली भार पेलण्याची मर्यादाही मूळच्याहून कमी नसावी.

रुंद घ्यावा कीं उंच, हें जमिनीवर अवलंबून आहे. पश्चिमेकडे मढ, आहुपे, भीमाशंकर या भागांत चिखलाखालीं बहुधा मुरूम अगर खडक लागतो. तेथें उंच व अरुंद चाक चिखल कापून टणक जमीन गांठतें. आपल्या जुन्या बैलगाडीचें लोखंडी धांवेचें चाक उंच व अरुंद असे, त्याचा गुण हाच. पूर्वेकडील खोल काळ्या रानांत मात्र खालीं टणक थर हातीं लागत नाहीं. तेथें थोडा रुंद टायर वर तरंगतो. तरी चिकण माती खांचांत भरली कीं रुंद टायरही घसरतोच.

खर्चाआधीं एक बिनखर्ची उपाय करून पाहावा. हलक्या गाडीच्या टायरांतील हवा चिखलापुरती ३२ पौंडांवरून २४ वर आणावी. टायर पसरून पकड वाढते. डांबरी सडकेस लागण्यापूर्वीं हवा पुन्हां भरावी, आणि गाडी भरलेली असतां हा प्रयोग करूं नये.

शेवटीं कायद्याची गोष्ट. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमान्वयें कारखान्यानें मूळ दिलेल्या वर्णनाशीं नोंदणीपुस्तकांतील तपशील विसंगत होईल असा फेरबदल मालकास करतां येत नाहीं. यास्तव कारखान्यानें त्याच गाडीच्या दुसऱ्या एखाद्या प्रकारास दिलेलें माप निवडणें उत्तम. त्यापलीकडे जाण्यापूर्वीं परिवहन कचेरींत व विमा उतरविणाऱ्याकडे चौकशी करावी. अपघातानंतर केलेली चौकशी उपयोगाची नाहीं.

सारांश, एक पायरी मोठा टायर, तोही भरल्या गाडीवर पारखून घेतलेला, इतकी मर्यादा आमच्या बंधूंनीं पाळावी. याहून अधिक उंचीची गरज भासत असेल, तर तो पैसा वाटेवर मुरूम टाकण्यास व ओढ्यावर फरशी घालण्यास चारचौघांनीं मिळून लावावा. त्या वाटेनें मग एकाचीच नव्हे, सर्वांचीच गाडी सुखरूप जाईल.