नुसतं उकळून भागत नाही!
(शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक कशी होतात?)



या पानावर नेहमी बेणे, खते, पाणी यांची माहिती असते. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. हंगाम संपला, उसाचे बिल हाती आले की पुष्कळ घरांत लांबणीवर टाकलेली ऑपरेशने उरकतात. कुणाचा हर्निया, कुणाची गर्भपिशवी. ऑपरेशन उत्तम होते, पण काही दिवसांनी टाक्यांत पू धरतो, असेही कधी घडते. असे का होते?

१८६५ साली ग्लासगो शहरात गाडीचे चाक पायावरून गेलेला ११ वर्षांचा मुलगा दवाखान्यात आला. हाड मोडून कातडी फाटली होती. त्या काळी अशी जखम बहुधा सडे आणि पाय कापावा लागे. जोसेफ लिस्टर या सर्जनने जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी ठेवली. जखम सडली नाही, पाय वाचला. पुढे १८७९ मध्ये फ्रान्सच्या शार्ल शांबरलां यांनी दाबाच्या वाफेने जंतू मारणारे यंत्र केले. तेच ऑटोक्लेव्ह, आपल्या प्रेशर कुकरचा थोरला भाऊ म्हणा ना!

पातेल्यात उकळून का भागत नाही? उकळते पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. त्यात पुष्कळ जंतू मरतात, पण धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू तगून राहू शकतात. लव्हाळा वरून खुरपला तरी खाली गाठ जिवंत राहते, तसेच हे. ऑटोक्लेव्हमध्ये चौरस इंचाला १५ पौंड दाब दिला की वाफ १२१ अंशांवर जाते. उघड्या हत्यारांना १५ मिनिटे आणि कापडात बांधलेल्या गाठोड्याला साधारण ३० मिनिटे ही उष्णता मिळाली, की बीजाणूही मरतात. मिनिटे मोजायची ती १२१ अंश झाल्यापासून, बटण दाबल्यापासून नव्हे.

कारखान्यात रस आटवताना वाफ नळ्यांवर निवून पाणी होते आणि आपली उष्णता रसाला देते. हत्यारावरही हेच घडते. वाफेच्या जागेत हवा साचली की रस नीट तापत नाही, हे आपले पॅनवाले सांगतील. ऑटोक्लेव्हमध्येही हवा राहिली, तर काटा दाब दाखवतो पण उष्णता कमी पडते. डबा ठासून भरला तरी वाफ आत पोचत नाही.

त्याआधीचे काम धुण्याचे. वाळलेल्या रक्ताखाली जंतू दडून बसतात. म्हणून चिमट्या-कात्र्यांचे सांधे उघडून ब्रशने घासावे लागतात. आणि निर्जंतुक झालेले गाठोडे ओले राहिले किंवा फाटले, तर ते बाद समजावे.

गवताळ वाढ रोखण्यासाठी आपण उसाच्या बेण्याला ५४ अंशांवर उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया देतो. तिथे डोळा जिवंत ठेवायचा, म्हणून उष्णता बेताची. लोखंडी हत्याराला ती सवलत नाही.

एवढे करूनही माणूस जंतू आत नेतोच. म्हणून घरच्यांनी इतके पाळावे :

१. ऑपरेशनपूर्वी साबणाने स्वच्छ अंघोळ करावी.

२. घरी वस्तऱ्याने केस काढू नयेत. बारीक चिरांत जंतू वाढतात. गरज असेल तर दवाखान्यात मशीनने कापतील.

३. मधुमेह, विडी-तंबाखू, अंगावरचे गळू डॉक्टरांना आधीच सांगावे.

४. ‘जरा बघून येतो’ म्हणून थिएटरचे दार उघडू नये.

५. टाक्यांवर हळद, राख, तेल लावू नये. हात धुतल्याशिवाय पट्टीला शिवू नये.

६. ताप, लाली, सूज किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि एक. ‘डॉक्टरसाहेब, हत्यारं ऑटोक्लेव्ह केलेली आहेत ना?’ असे विचारायला संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. ऊस घालताना वजनकाटा बरोबर आहे का, हे आपण हक्काने विचारतो. घरच्या माणसाच्या अंगाला हत्यार लागणार असेल, तर हा एक प्रश्नही विचारलाच पाहिजे.

— ऊस विकास अधिकारी