लोकर टोचते ती का?

घोंगडीवर उघड्या अंगाने आडवे झाले की ती टोचते. पश्मिन्याची शाल मात्र गालाला लावून ठेवावीशी वाटते. घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, पश्मिना लडाखकडील शेळीच्या लोकरीचा. पण रसायनशास्त्राला विचाराल तर दोन्ही एकाच द्रव्याचे, केराटिन नावाच्या प्रथिनाचे. मग एक टोचते आणि दुसरा टोचत नाही, हे कसे?

हा प्रश्न क्रोशाचे विणकाम करणाऱ्यांना हमखास पडतो. कार्यानुभवाच्या तासाला सुई-लोकर हाती आली की वर्गातली दोन-तीन मुले ती खाली ठेवून देतात. एखादीच्या मानेला खाज सुटते, एखाद्याच्या अंगावर धाग्याच्या नुसत्या कुरकुरण्याने काटा येतो. त्यांना ‘नखरे करू नका’ म्हणून गप्प बसवणे सोपे असते. पण त्यांची तक्रार खरी आहे, आणि तिच्यामागे बरेचसे भौतिकशास्त्र आहे.

लोकरीचा धागा काळ्या कागदावर ठेवून भिंगातून पाहा. धाग्याच्या अंगातून असंख्य बारीक टोके बाहेर डोकावताना दिसतील. विणलेला स्वेटर अंगात घातला की यातली कित्येक टोके कातडीवर उभी टेकतात. आता टोकाला दोनच मार्ग असतात : कातडीत रुतायचे, नाहीतर आपणच वाकायचे. जे वाकते ते मऊ लागते, जे वाकत नाही ते टोचते.

उभी काठी किती बलाखाली वाकते, याचे गणित लेओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७४४ साली मांडले. हे बल काठीच्या द्रव्याच्या यंग गुणांकाच्या सम प्रमाणात असते, लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते आणि (इथेच सगळी मेख आहे) व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात असते. म्हणजे जाडी दुप्पट झाली, तर वाकवायला सोळापट बल लागते! महाविद्यालयात हे सूत्र आम्ही लोखंडी खांबांसाठी शिकवतो. स्वेटरचे उदाहरण पाठ्यपुस्तकात का नसते, कोण जाणे.

आपण आकडे घालून पाहू. ३० मायक्रॉन (म्हणजे मिलिमीटरचे तीस सहस्रांश) जाडीचा लोकरीचा तंतू धाग्यातून २ मिलिमीटर बाहेर आला आहे, त्याचे एक टोक धाग्यात पक्के रोवलेले व दुसरे कातडीवर टेकलेले आहे, असे समजा. लोकरीचा यंग गुणांक दर चौरस मीटरला सुमारे साडेतीन अब्ज न्यूटन धरला, तर तंतू वाकवायला साधारण ७० मिलिग्रॅम वजनाइतके बल लागते. हेच गणित २० मायक्रॉनच्या मेरिनो लोकरीसाठी केले तर १४ मिलिग्रॅम येते आणि १५ मायक्रॉनच्या पश्मिन्यासाठी जेमतेम साडेचार. उलट ४० मायक्रॉनच्या भरड लोकरीला सव्वादोनशेच्या आसपास!

आता कातडीची बाजू पाहू. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की एकेका टोकाचा दाब सुमारे ७५ मिलिग्रॅम वजनाइतका झाला, की कातडीतले वेदना वाहून नेणारे चेतातंतू जागे होतात. स्पर्श सांगणारे नव्हेत, वेदना सांगणारे. आपल्या गणितातला ३० मायक्रॉनचा तंतू नेमका या उंबरठ्यापाशी येऊन थांबतो. म्हणूनच लोकर-व्यवसायात असा ठोकताळा आहे, की शंभरांत पाचांहून अधिक तंतू ३० मायक्रॉनपेक्षा जाड असले तर कापड टोचणार. सरासरी जाडी कमी असून भागत नाही. त्रास देतात ते मूठभर जाडे तंतू.

या सूत्रात आणखी एक गंमत दडलेली आहे. लांबी निम्मी केली की बल चौपट होते. त्यामुळे ‘फार टोचतो’ म्हणून स्वेटरवरची लव कात्रीने छाटली, तर उरलेले खुंट जास्तच टोचण्याचा संभव. दाढी वाढवलेल्या काकांच्या गालाला हात लावा आणि दोन दिवसांपूर्वी दाढी केलेल्यांच्याही लावा, म्हणजे पटेल.

पुष्कळजण याला लोकरीची ‘ॲलर्जी’ म्हणतात. काहींना लोकरीतल्या मेणाची, लॅनोलिनची, ॲलर्जी असते. पण बहुतेकांचा त्रास टोकांचा, निव्वळ यांत्रिक असतो. घामाने कातडीचा वरचा थर मऊ पडतो व टोके सहज रुततात, म्हणून उकाड्यात तीच लोकर जास्त टोचते. इसबासारखा त्वचाविकार असलेल्यांनी अर्थात डॉक्टरांना विचारावे.

दुकानात लोकर निवडताना आपण ती बोटांनी चोळून पाहतो. ही परीक्षा चुकीच्या जागी घेतलेली असते. बोटाच्या पेराची कातडी जाड आणि बिनकेसांची. तिला असे टोचणे कळतच नाही. गुंडी मानेला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून मिनिटभर तशीच दाबून धरा.

मग विणताना बोटांनाच जो त्रास होतो, तो कसला? तो वेगळा आहे. धागा बोटावरून सरकताना त्याच्या पिळाचे उंचवटे बोटाला ठोके देत जातात. पीळ दर मिलिमीटरला एक आणि धागा सेकंदाला २० सेंटिमीटर ओढला जात असेल, तर सेकंदाला २०० ठोके पडतात. बोटाच्या कातडीत खोलवर पाचिनी-कणिका नावाचे ग्राहक असतात, आणि २०० ते ३०० कंपने हाच त्यांचा सर्वांत हळवा टापू. तोच धागा सेकंदाला २ सेंटिमीटर ओढला तर ठोके वीसच पडतात, आणि पाचिनी-कणिका बऱ्याच शांत राहतात. तेव्हा हळू विणणे हादेखील एक उपायच आहे. स्वस्त ॲक्रिलिक लोकर प्लॅस्टिकच्या सुईवर ‘कुई कुई’ करते, ती क्षणात अडकून क्षणात सटकल्यामुळे. फळ्यावर खडू किंचाळतो तसाच हा प्रकार. सुई धातूची किंवा गुळगुळीत बांबूची घेतली तर घर्षण बदलते व बहुधा आवाज थांबतो.

शिवाय करंगळीला धागा गुंडाळण्याची रीत आहेच. धक्क्यावरचा खलाशी गलबताचा दोर खुंटाला तीन-चार वेढे देतो आणि एका हाताने अख्खे गलबत थोपवतो. इथेही नाव ऑयलरचेच निघते : दर वेढ्यागणिक ताण ठरावीक पटीने वाढतो. घर्षण गुणांक ०.३ असेल तर एका वेढ्यात ६.६ पट, दोन वेढ्यांत ४३ पट! हात घामेजून गुणांक ०.६ झाला, तर एकाच वेढ्यात ४३ पट. हा सगळा ताण करंगळीच्या कातडीत रुततो. अशा वेळी पूर्ण वेढ्याऐवजी अर्धाच द्यावा (कोरड्या हाताला ताण अडीचपटच वाढतो), नाहीतर बोटाला मऊ सुती पट्टी बांधावी.

मखमली धाग्याचा काहींना फार तिटकारा असतो. हिवाळ्यात भेगाळलेल्या बोटांत त्याची बारीक लव अडकते. रात्री खोबरेल लावून झोपल्यास बराच फरक पडतो. विणायच्या आधी लावू नये, धागा तेलकट होतो.

हे सगळे केल्यावरही काहीजणांना एखादा धागा सहन होणार नाही. प्रत्येकाच्या चेतासंस्थेची घडण वेगळी असते. स्वमग्न मुलांमध्ये स्पर्शाची अशी तीव्र जाणीव वारंवार आढळते आणि अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ सालच्या निदान-पुस्तिकेत तिला निकषांमध्ये स्थान दिले आहे. शिक्षकांनी अशा विद्यार्थ्याला लोकरीऐवजी सुती धागा द्यावा. टाके तेच, सुई तीच. सुताचे तंतू बारीक आणि वळणारे असल्याने टोचत नाहीत. मेरिनोची हौस असेल तर गळ्यापाशी चार ओळी सुती धाग्याच्या विणाव्यात.

ऑयलरचे सूत्र पडताळण्याचा प्रयोग घरी होतो. मासे पकडण्याच्या गळाची नायलॉन दोरी दोन जाडींची घ्या, एक दुसरीच्या दुप्पट. दोन्हींचे सरळ, ३ सेंटिमीटरचे तुकडे कापा. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक तुकडा उभा टेकवून, वरून चिमटीत घट्ट धरून दाबा आणि तो वाकू लागताना काटा दाखवील तो आकडा टिपून घ्या. गुणोत्तर १६ च्या जवळपास यायला हवे. दूर गेले तर वेष्टणावर छापलेल्या जाडीवर विसंबू नका. शाळेतल्या स्क्रूमापीने व्यास स्वतः मोजा. चौथ्या घातामुळे व्यासातली पाच टक्क्यांची चूक बलात एकवीस टक्क्यांहून अधिक होते.