धुळीलाच चारा धूळ!

वीकेण्डला घरच्या घरी सुतारकाम करताय? मस्तच! पण नवा सॉ, नवा सँडर घेण्याआधी आणखी एका मशीनचा विचार करा. तुमच्या नाकापर्यंत येणारा भुसा वाटेतच पकडणाऱ्या मशीनचा!

सोमवार ते शुक्रवार कोडिंग, शनिवार-रविवार कारपेण्ट्री! आपल्यातल्या बऱ्याच जणांचं सध्या हे वेळापत्रक झालंय. २०२० च्या लॉकडाउनमध्ये कुणी घरी ब्रेड भाजले, कुणी गिटार शिकायला घेतली आणि काही जणांनी थेट करवत हातात धरली. ब्रेड केव्हाच बंद पडला, गिटार कपाटावर गेली. करवतवाले मात्र टिकले. कारण सोपं आहे. ऑफिसात दिवसभर राबून जे तयार होतं ते हाताला लागत नाही. लाकडाचं तसं नाही. रविवारी संध्याकाळी स्टूल पूर्ण होतं आणि त्यावर चक्क बसता येतं!

माझा एक कॉलेजमित्र याच कळपातला. हिंजवडीत नोकरी, वाकडला टू बीएचके आणि हॉलला लागून असलेल्या टेरेसमध्ये त्याचं 'वर्कशॉप'. एक सर्क्युलर सॉ, एक ऑर्बिटल सँडर, एक छोटा टेबल सॉ. आणि घरात दोन वर्षांची मुलगी. गेल्या हिवाळ्यात तिचा खोकला महिनाभर हटेना. डॉक्टरांनी सहज विचारलं, "घरात काही रंगाचं, फर्निचरचं काम काढलंय का?" खोकला भुशामुळेच आहे, असं ते काही म्हणाले नाहीत. पण बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच रात्री निकाल लागला. "हे बघ, तू छंद सोड असं मी म्हणत नाही. पण धूळ घरात येणार असेल, तर मशिन्स घराबाहेर जातील!"

मुदत मिळाली दोन महिन्यांची. मग त्याची शोधमोहीम सुरू झाली आणि स्टोरीचा वास लागल्यामुळे मीही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटपासून टूल्सच्या दुकानांपर्यंत त्याच्यासोबत फिरले. त्या भटकंतीतून जे कळलं, ते हे.

दिसते ती धूळ नव्हेच!

सुतारकाम झाल्यावर जमिनीवर भुशाचा ढीग पडतो. झाडू मारला की संपलं, असं आपल्याला वाटतं. पण खरा व्हिलन तो ढीग नसतोच. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा. फुप्फुसात खोलवर जाणारे कण १० मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि नाकातले केसही त्यांना अडवू शकत नाहीत.

शिवाय ते लवकर खाली बसत नाहीत. नाकाच्या उंचीवरून १० मायक्रॉनचा कण जमिनीवर यायला शांत हवेत आठ-दहा मिनिटं लागतात. एक मायक्रॉनचा कण? दहा-बारा तास! म्हणजे रविवारी दुपारी घासलेल्या फळीची धूळ रात्री जेवणाच्या टेबलाभोवती तरंगत असते. त्यात फॅन चालू असला की विचारूच नका.

हा बागुलबुवा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला ग्रुप १ मध्ये, म्हणजे माणसात नक्की कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलंय. धोका मुख्यतः नाकाचा आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांचा. हे पुरावे वर्षानुवर्षं रोज धुळीत काम करणाऱ्या कामगारांचे आहेत, वीकेण्डवाल्यांचे नाहीत, त्यामुळे लगेच घाबरून जाऊ नका. पण दमा, सर्दी, अंगावर उठणारी खाज यांना वीस वर्षं थांबावं लागत नाही. सागवान आणि शिसम, आपली दोन्ही लाडकी लाकडं, काही जणांच्या त्वचेला अजिबात सोसत नाहीत. आणि एमडीएफ कापताना बारीक धुळीसोबत त्यातल्या रेझिनचा फॉर्माल्डिहाइडही सोबतीला असतो.

युरोपीय संघाने कारखान्यांतल्या हवेत हार्डवुडच्या धुळीची मर्यादा २०२३ पासून घनमीटरला २ मिलिग्रॅमवर आणलीय. आणि आपण बंद टेरेसमध्ये नाकाला रुमाल बांधून सँडर चालवतो!

स्ट्रॉ की एक्झॉस्ट फॅन?

दुकानात गेलात की दोन प्रकार समोर येतात. पहिला, वर्कशॉप व्हॅक्युम, म्हणजे ओलं-सुकं दोन्ही ओढणारा ड्रमवाला व्हॅक्युम क्लीनर. दुसरा, डस्ट कलेक्टर, म्हणजे मोठा पंखा, जाड पाइप आणि वर फुगलेली पिशवी. दुकानदार म्हणतो, "दोन्ही धूळच ओढतात." खरंय, पण दोघांचा स्वभाव अगदी वेगळा.

व्हॅक्युम म्हणजे स्ट्रॉ. घट्ट मस्तानीसुद्धा खेचून घेईल इतका जोर, पण एका वेळी हवा थोडीच. त्याचा पाइप ३२-३५ मिलिमीटरचा. डस्ट कलेक्टर म्हणजे किचनमधला एक्झॉस्ट फॅन. जोर कमी, पण हवा भरपूर. त्याचा पाइप १०० मिलिमीटरचा, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ जवळपास दहापट!

मग कुणाला काय? सँडर, सर्क्युलर सॉ, राउटर, जिगसॉ अशी हातातली टूल्स असतील, तर व्हॅक्युम. या टूल्सचं धुळीचं तोंड छोटं असतं, तिथे स्ट्रॉच लागते. मोठा टेबल सॉ, थिकनेस प्लेनर, जॉइंटर असेल, तर डस्ट कलेक्टर. प्लेनर मिनिटभरात इतके छिलके काढतो की व्हॅक्युमचा पाइप तुंबलाच म्हणून समजा. उलट, कलेक्टरला अडॅप्टर लावून सँडरचा बारीक पाइप जोडायचा जुगाड करू नका. पाइप अरुंद झाला की पंख्याची सगळी हवा तिथेच अडते आणि तुम्ही फक्त लाइटचं बिल भरता.

एक टीप. ब्रोशरवर हवेचा जो आकडा छापलेला असतो, तो बहुतेकदा पाइप आणि फिल्टर न लावता मोजलेला असतो. प्रत्यक्षात पाइपाचा प्रत्येक मीटर आणि प्रत्येक वळण त्यातून कमिशन कापतं. म्हणून पाइप आखूड ठेवा, वळणं कमी ठेवा.

आधी फिल्टर बघा, मग हॉर्सपॉवर

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण मशीन घेताना विचारतो, "किती वॅटचं? किती एचपीचं?" विचारायला हवं, "फिल्टर किती मायक्रॉनचा?" स्वस्त डस्ट कलेक्टरची कापडी पिशवी ३० मायक्रॉनपर्यंतचे कण पकडणारी असू शकते. म्हणजे जाडा भुसा आत आणि फुप्फुसात जाणारी बारीक धूळ पिशवीतून गाळून परत खोलीत! हे मशीन धूळ गोळा करत नाही, तर वाटत फिरतं. जमीन चकाचक, हवा मात्र आधीपेक्षा वाईट.

कलेक्टर घ्यायचाच तर एक मायक्रॉनपर्यंत गाळणाऱ्या घड्यांच्या फिल्टरचा घ्या. व्हॅक्युम घेताना हेपा फिल्टर मिळतो का ते बघा. खऱ्या हेपाचं माप ठरलेलं आहे : ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडले पाहिजेत. नुसतं 'हेपा टाइप' लिहिलं असेल, तर दोन प्रश्न जास्त विचारा. बजेट सैल असेल तर 'एम क्लास' एक्स्ट्रॅक्टर बघा. युरोपीय वर्गवारीत लाकडाच्या धुळीसाठी हा वर्ग सुचवला जातो. तो आत येणाऱ्या धुळीपैकी ०.१ टक्क्यापेक्षा कमी बाहेर सोडतो. खिशाला मात्र जोरदार चिमटा बसतो.

बादलीची कमाल

चांगल्या फिल्टरची एकच कटकट. तो पटकन चोंदतो आणि ओढ कमी होते. यावरचा उपाय मला फार आवडला : सायक्लोन! प्लास्टिकचं एक नरसाळं. हवा त्यात कडेने शिरते, गरगर फिरते, जड भुसा भिंतीवर आपटून खालच्या बादलीत पडतो आणि उरलेली हवा वरून व्हॅक्युमकडे जाते. खाली वीस लिटरची रंगाची रिकामी बादलीसुद्धा चालते. अट एकच, झाकण हवाबंद हवं. जरा फट राहिली की खाली पडलेला भुसा पुन्हा वर उडतो.

पण सायक्लोन हा फिल्टरचा बॉडीगार्ड आहे, फिल्टरला पर्याय नाही. अगदी बारीक कण त्यालाही चकवून पुढे जातात. म्हणून दोन्ही हवेत.

विजेचंही बघून घ्या. घरातल्या ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर साधारण १३८० वॅटच चालतात. १२०० वॅटचा व्हॅक्युम आणि तेवढाच सॉ एकत्र लावायचा, तर १६ अँपिअरचा पॉइंट आणि त्या ताकदीचं वायरिंग लागेल. इलेक्ट्रिशियनला बोलवाच. आणि ज्या व्हॅक्युमने भुसा ओढता, त्याच्यातच लोखंड घासतानाच्या ठिणग्या कधीही ओढू नका. कोरडा भुसा आणि ठिणगी यांचं काय होतं, ते सांगायला नको.

शेवटी काय घेतलं?

मित्राने टेबल सॉ विकला! प्लायच्या मोठ्या शीट्स आता तो दुकानातूनच मापात कापून आणतो. त्यामुळे डस्ट कलेक्टरची गरजच उरली नाही. पाच ते दहा हजारांच्या रेंजमधला वेट-अँड-ड्राय व्हॅक्युम, त्याला हेपा कार्ट्रिज, मध्ये सायक्लोन आणि बादली. हॉलचं सरकतं दार काम करताना आणि नंतर तासभर बंद. कपडे टेरेसमध्येच बदलायचे. झाडू हद्दपार, पुसायला ओलं फडकं. मुलीचा खोकला यथावकाश गेला. श्रेय व्हॅक्युमचं की उन्हाळ्याचं, कुणी सांगावं! पण मशिन्स अजून घरात आहेत, हे महत्त्वाचं.

सिस्टिम काम करतेय का, हे तपासायची एक झकास युक्ती आहे. रात्री लाइट बंद करा, सँडर चालवा आणि बाजूने टॉर्चचा झोत टाका. झोतात धुराचे लोट दिसले तर अजून गळती आहे. इंग्लंडमधले सुरक्षा निरीक्षकही कारखान्यांत असाच दिवा वापरतात.

खिशात ठेवावी अशी यादी

* आधी टूल्सची यादी करा, मग मशीन निवडा. हातातली टूल्स, तर व्हॅक्युम. मोठी मशिन्स, तर कलेक्टर.
* धूळ जिथे तयार होते, तिथेच पकडा. हवेत गेलेली धूळ पकडणं महागात पडतं.
* एन-९५ मास्क तरीही हवाच. काम संपल्यावरही थोडा वेळ राहू द्या. दाढी असेल तर तो नीट बसत नाही, हेही लक्षात घ्या.
* ब्लोअरने धूळ उडवू नका. बाल्कनीतून बाहेर तर नकोच, खाली कुणाचे तरी कपडे वाळताहेत!
* सगळ्यात स्वस्त डस्ट कलेक्टर म्हणजे हातरंधा. त्यातून पडतात ते छिलके. ते हवेत तरंगत नाहीत आणि शेजाऱ्यांची झोपही मोडत नाही.

आणि मिस्त्रींचं काय?

टिंबर मार्केटमध्ये एक वयस्कर मिस्त्री भेटले. तीस वर्षं या धंद्यात. आम्ही फिल्टर, मायक्रॉन वगैरे बोलत होतो. ते ऐकत होते, मधूनमधून खोकत होते. मग हसून म्हणाले, "ताई, आमचा फिल्टर म्हणजे हा." आणि गळ्यातला पंचा दाखवला.

आपण छंद म्हणून आठवड्यातून चार तास धूळ खातो आणि त्यासाठी हेपा शोधतो. ते पोटासाठी रोज दहा तास खातात. आणि बऱ्याचदा ती आपल्याच फ्लॅटची असते, आपल्याच वॉर्डरोबची. पुढच्या वेळी घरी फर्निचरचं काम निघालं, की मिस्त्रींच्या सँडरला तुमचा व्हॅक्युम जोडून द्या. दोन मास्क हातात ठेवा. एस्टिमेटमध्ये सनमायका, बिजागऱ्या आणि फेव्हिकॉलसोबत 'धूळ' नावाची एक ओळ वाढवा. बिल थोडं वाढेल. पण ती धूळ शेवटी तुमच्याच घरात राहणार होती, नाही का?