टेबलभर लेझर, नखाएवढी चिप

गोंदियाच्या राईस मिलमधून तांदूळ भरून निघालेला ट्रकवाला मोबाइलवर रस्ता बघतो, तो उपग्रहांतल्या अणुघड्याळांच्या भरवशावर. भारताने २०१३मध्ये सोडलेल्या पहिल्या ‘नाविक’ उपग्रहातली तिन्ही घड्याळं परदेशी होती आणि काही वर्षांतच ती बंद पडली. देशी रुबिडियम घड्याळ अवकाशात पोहोचायला २९ मे २०२३ उजाडला.

त्याहून कितीतरी काटेकोर घड्याळांच्या मागे पुण्यातले शास्त्रज्ञ लागले आहेत. आयुकात यटर्बियमच्या एका आयनावर काम चालतं, आयसरमध्ये अतिथंड अणूंवर. स्ट्रॉन्शियमचं घड्याळ घ्या. भट्टीतून सुसाट निघालेल्या अणूंना आधी ४६१ नॅनोमीटरचा निळा लेझर वेसण घालतो. मग ६८९चा लाल लेझर त्यांना निरपेक्ष शून्याच्या जेमतेम काही मायक्रोकेल्विन वर आणून ठेवतो. ठोके मोजणारा ६९८चा लेझर तिसराच, आणि त्याची वारंवारता जराही ढळून चालत नाही.

अणूंचा ढग फार तर मिलिमीटरभर. त्याच्या दिमतीला मात्र आरसे, भिंगं आणि लेझरांनी गच्च भरलेलं, धक्के न लागणारं जडशीळ टेबल! खोलीचं तापमान थोडं हललं तरी जुळवणी बिघडते. असं बिऱ्हाड उपग्रहात कसं न्यायचं?

म्हणून हे सगळं चिपवर उतरवण्याची जगभर धडपड आहे. सिलिकॉन स्वतः धड उजेड देत नाही. त्यामुळे प्रकाश गॅलियम आर्सेनाइड, इंडियम फॉस्फाइड यांसारख्या पदार्थांतून काढायचा आणि सिलिकॉन नायट्राइडच्या केसाहून बारीक वाटांनी फिरवायचा. याच वाटेचं कडं केलं की त्यात घुमणारा प्रकाश लेझरची वारंवारता ताळ्यावर आणतो. लाल रंगाला हे बरंच जमलं आहे. निळा खोडकर: तरंगलांबी कमी, त्यामुळे वाटेच्या खडबडीत कडांवर तो जास्त विखुरतो.

महाराष्ट्राला गॅलियम आर्सेनाइड नवं नाही. भारतातला पहिला लेझर १९६४मध्ये तुर्भ्याच्या अणुऊर्जा आस्थापनेत, म्हणजे आजच्या बीएआरसीत, तयार झाला. तो याच पदार्थाचा सेमीकंडक्टर लेझर होता. अमेरिकेत असा लेझर पहिल्यांदा लागला त्याला तेव्हा अवघी दोन वर्षं झाली होती.

एप्रिल २०२३मध्ये मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये संवेदन आणि मापनाचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आलं आहे. घड्याळांवर खर्च होईलच. चिपवरचे लेझर इथेच घडवणाऱ्या कारखानदारीलाही या पैशात वेगळा, ठळक वाटा मिळायला हवा.