चीनच्या परराष्ट्र धोरणाचा अभ्यास : संशोधनसाधनांचा प्रश्न

चीनच्या परराष्ट्र धोरणावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यासमोर पहिला प्रश्न साधनांचा असतो. चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाने २००४ मध्ये आपले अभिलेखागार खुले केले. २००८ पर्यंत १९४९ ते १९६५ या काळातील कागदपत्रे टप्प्याटप्प्याने उपलब्ध झाली. २०१२ नंतर मात्र त्यांपैकी बहुतांश पुन्हा बंद झाली. २०२० च्या सुधारित अभिलेख कायद्याने कागदपत्रे खुली करण्याची मुदत ३० वरून २५ वर्षांवर आणली, तरी राष्ट्रीय सुरक्षेचा अपवाद कायम ठेवला. त्यामुळे ‘पीपल्स डेली’मधील बदलती शब्दयोजना, दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि पूर्व युरोपीय देशांची दफ्तरे यांची परस्पर पडताळणी अपरिहार्य ठरते. एकाच दफ्तरावर विसंबलेला प्रबंध ते बंद होताच खुंटतो.