ताटातूट तांब्याची

जॉर्डनच्या दक्षिण भागात, डोंगराच्या कडेवर दाना नावाचं दगडी घरांचं जुनं खेडं आहे. इथून पेट्रापर्यंतची सत्तर-ऐंशी किलोमीटरची वाट बेदुइन वाटाड्यांच्या सोबतीनं चालायला जगभरातून लोक येतात. बहुतेकांचं मन पेट्राच्या कोरीव लेण्यांकडे लागलेलं असतं. मला विचाराल, तर या वाटेवरचा खरा ऐवज सुरुवातीलाच, दाना ते फेनान या उतारावर आहे.

उतार सुमारे ९०० मीटरचा. माथ्यावर चुनखडी, म्हणजे इथे एके काळी समुद्र होता. तिच्याखाली आधी पांढरट, मग तांबूस-जांभळा वालुकाश्म. त्यातले तळाचे थर ५० कोटी वर्षांपूर्वीचे. आणि त्याहीखाली, आणखी जुना ग्रॅनाइट. सह्याद्रीत अख्खा घाट उतरलात तरी पायाखाली बहुधा बसाल्टच, तोही सगळा साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. इथे मात्र दर तासा-दोन तासांनी युग बदलतं.

फेनानजवळ खडकांत हिरव्या शिरा दिसू लागतात. एखादा खडा उचलून ओल्या बोटानं पुसला की धूळ जाऊन रंग उजळतो. हे मॅलाकाइट, तांब्याचं खनिज. नवाश्मयुगात लोक त्याचे मणी करत. पुढे ते भट्टीत घालून तांबं गाळू लागले. रोमन अमलात तर शिक्षा झालेल्या ख्रिस्ती लोकांना इथल्या खाणीत राबायला धाडत. त्या भट्ट्यांची काळी मळी अजून ढिगांनी पडली आहे. अंदाज दीड ते दोन लाख टनांचा. तिच्यावरून चालताना बुटाखाली करकर आवाज होतो.

इथून समोर पसरते ती वादी अरबा, मृत समुद्रापासून अकाबापर्यंत गेलेली वाळवंटी खचदरी. पलीकडच्या, इस्रायलच्या बाजूला तिम्ना इथेही प्राचीन तांब्याच्या खाणी आहेत. खडक त्याच वयाचे, खनिजं तीच. फक्त तिम्ना फेनानच्या समोर नाही, शंभरेक किलोमीटर दक्षिणेला आहे. दोन्ही काठांवरचे असे खडक जुळवून क्वेनेल या भूवैज्ञानिकानं १९५०च्या दशकात मांडलं, की हे काठ एकमेकांना घासत सरकले आहेत. आज हे सरकणं सुमारे १०५ किलोमीटर मानतात. म्हणजे खचदरी हे नाव अर्धंच खरं. जमीन खचली आहे, पण मुख्य हालचाल आडवी आहे.

तांबडा समुद्र रुंदावतो आहे, त्यामुळे अरबी भूपट्ट आफ्रिकेपासून सुटून उत्तरेकडे निघाला आहे. तो जिथे घासतो ती भेग सरळ असती, तर खोल दरी झालीच नसती. पण भेग मधेच एक पायरी सोडून बाजूला सरकते. त्या सांध्यात दोन्हीकडून ओढ बसते, पोकळी पडते आणि तळ खाली जातो. मृत समुद्र अशाच पोकळीत आहे. त्याचं पाणी समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून खाली आहे आणि दर वर्षी मीटरभर आणखी उतरतंय. हा दुसरा भाग मात्र भूगर्भाचा नव्हे, जॉर्डन नदीचं पाणी वरच्या वर वळवणाऱ्या माणसांचा प्रताप.

सरकण्याचा वेग वर्षाला चार-पाच मिलिमीटर. रोमनांच्या काळापासून फेनान आणि तिम्ना यांच्यातलं अंतर वाढलं असेल ते फार तर दहा मीटरनं. तेही रोज थोडं थोडं नाही. भेग शतकानुशतकं अडून बसते आणि भूकंपात एकदम सुटते. वादीच्या उत्तर टोकाकडे कस्र तिलाह इथे बायझंटाइन काळातला हौद या भेगेवरच बांधलेला आहे. त्याची भिंत सुमारे दोन मीटर सरकलेली आहे. भूवैज्ञानिक तिथे चक्क टेप लावून मोजमाप घेतात.

तांब्याचं प्रकरण मात्र संपलेलं नाही. २०२१मध्ये जॉर्डन सरकारनं खाणकामासाठी दाना अभयारण्याची हद्द बदलायचं ठरवलं, तेव्हा अभयारण्य सांभाळणारी संस्थाच विरोधात उभी राहिली.