पाकिटावरचे चित्र दिसलेच नाही, तर तंबाखू सुटणार कशी?

सिगारेटच्या पाकिटावरचे कॅन्सरचे चित्र पाहून कोणी सिगारेट सोडतो का? जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांमध्ये व्यसनमुक्तीचा विषय निघाला की तरुण कार्यकर्ते आम्हाला हा प्रश्न हमखास विचारतात. आमचे उत्तर असे: चित्र व्यसन सोडवत नाही, पण सोडण्याचा विचार मनात आणते. अट एकच, ते चित्र माणसाच्या डोळ्यांसमोर आले पाहिजे.

आकडे काय सांगतात?

तंबाखूच्या पाकिटांवर सचित्र इशारा ३१ मे २००९ पासून सक्तीचा झाला. तेव्हा तो फक्त दर्शनी बाजूच्या ४० टक्के भागावर होता. १ एप्रिल २०१६ पासून तो दोन्ही बाजूंच्या ८५ टक्के भागावर आला.

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २००९-१० च्या फेरीत सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्के लोकांनी इशाऱ्यामुळे सोडण्याचा विचार केल्याचे सांगितले. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण ६२ टक्के झाले. बिडी ओढणाऱ्यांत ते २९ वरून ५४ टक्क्यांवर गेले. तंबाखू खाणाऱ्यांत मात्र ३४ वरून ४६ पर्यंतच पोहोचले.

कारण साधे आहे. दिवसाला वीस सिगारेटी ओढणारा वीस वेळा पाकीट हातात घेतो. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही चित्र कळते. पण नुसती भीती दाखवली तर माणूस नजर फिरवतो, थट्टेवर नेतो. भीतीसोबत वाट दाखवावी लागते. म्हणूनच १ सप्टेंबर २०१८ पासून पाकिटावर तंबाखू सोडण्यासाठी मदतीचा मोफत क्रमांकही छापला जातो: १८००-११-२३५६.

आपल्या वस्तीत चित्र कुठे हरवते?

त्याच २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. ओढणारे फक्त ३.८ टक्के, खाणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला खरा प्रश्न सिगारेटपेक्षा खिशातल्या डबीचा आहे. पुडी फोडून तंबाखू डबीत ओतली, दुसऱ्या बाजूला चुना भरला की चित्र कचऱ्यात जाते. बिडीच्या बंडलचा कागद पातळ, त्यावरचे चित्र पुसट. सुटी सिगारेट घेणाऱ्याला तर पाकीट दिसतच नाही. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली, तरी टपरीवर ती मागितली की मिळते.

याचा अर्थ काय? ज्याच्या हातात रोजच्या मजुरीचे थोडेच पैसे असतात, जो सुटे आणि स्वस्त घेतो, त्याच्यापर्यंत इशारा सर्वांत कमी पोहोचतो. आजारपणात कर्ज काढावे लागते तेही त्याच्याच घराला. हा आरोग्याइतकाच सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

- तंबाखू खाणाऱ्याला रिकामी पुडी फेकू न देता ती डबीभोवती गुंडाळायला सांगा.
- क्रमांक नुसता देऊ नका. शेजारी बसून फोन लावून द्या.
- पहिले काही दिवस सर्वांत जड जातात. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ सोबत राहा. कोणी पुन्हा सुरू केले तर हिणवू नका, पुन्हा प्रयत्न करायला लावा.
- लहान मुलांना बिडी-पुडी आणायला पाठवणे वस्तीने ठरवून बंद करावे. १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पाचव्या शीलात तंबाखू येते की नाही, यावर आपल्याकडे वाद होतात. आम्हाला वाटते, सकाळी डोळे उघडताच ज्याचा हात डबीकडे जातो, त्याचे मन मोकळे नाही एवढे समजले तरी पुरे. दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या स्मृतीला अभिवादन करायला आपण जमतो. यंदा तिथल्या प्रत्येक स्टॉलवर हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लागला पाहिजे. पाकिटावरचे चित्र जिथे पोहोचत नाही, तिथे आपण पोहोचू शकतो.